परकोटाला नऊ वाटा, लेआऊटला एक

३० डिसेंबर १८०३ रोजी अंजनगाव सुर्जीच्या मुक्कामी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. असईची लढाई होऊन तीन महिने उलटले होते, आडगावच्या लढाईला महिना झाला होता आणि गाविलगड पडून जेमतेम पंधरा दिवस. नागपूरकर भोसल्यांनी १७ डिसेंबरलाच देवगावला आपलं उरकून घेतलं होतं. राहिले होते शिंदे. गंगा-यमुनेचा दोआब गेला, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. समोर आर्थर वेलस्ली होता. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. शाळेच्या पुस्तकात अंजनगावचं नाव या एका तहापुरतं येतं आणि परीक्षा झाली की विसरलं जातं.

तहाचा हिशेब मांडताना आपण मुलूख आणि किल्ले मोजतो. पण त्या वर्षातल्या पराभवांचा माग वऱ्हाडातल्या गल्ल्यांपर्यंत काढता येतो. लढाई हरलेल्या सरदारांना फौजा पोसणं जमेना. पगार थकलेले, रिकामे झालेले स्वार पेंढाऱ्यांच्या टोळ्यांना जाऊन मिळाले. वऱ्हाड निजामाचं होतं. कापसाचा पैसा इथे आणि राज्यकर्ता हैदराबादेत. त्यात १८०३-०४ चा दुष्काळ. व्यापाऱ्यांच्या पेढ्या लुटल्या जातील या धास्तीने निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये अमरावतीभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. काम पुरं झालं १८२१ मध्ये, म्हणजे पेंढारी संपल्यावर तीन वर्षांनी. सरकारी कामांची ही चाल जुनीच आहे.

परकोटाचा घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणसाला आणि डोक्यावरच्या ओझ्याला पुरेल एवढी लहान वाट. अंबा गेटातून बाहेर पडलं की अंबादेवी. नागपुरी गेट नागपूरच्या वाटेवर, खोलापुरी गेट खोलापूरच्या. खुनारी खिडकीपाशी १८१८ मध्ये मोठी मारामारी झाली आणि सुमारे सातशे माणसं मेली, त्यावरून तिला ते नाव पडलं अशी गॅझेटियरची नोंद आहे.

आता साधा भागाकार करू. सव्वादोन मैल म्हणजे साधारण ३,६०० मीटर. वाटा नऊ. म्हणजे सरासरी दर चारशे मीटरला गावाबाहेर पडायला एक वाट होती. ही वाट लुटारूंना अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीतली, हे लक्षात ठेवायचं. आजच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत पडलेल्या लेआऊटच्या कडेने चारशे मीटर चालून पाहा. कंपाउंड, मग शेत, मग पुन्हा कंपाउंड. पलीकडचं घर दिसतं, तिथल्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. जायचं म्हटलं तर मागे फिरून डांबरी रस्त्यावर यावं लागतं.

जुन्या गावात बंद गल्ल्या नव्हत्या असं कुणी समजू नये. भरपूर होत्या. अमरावतीच्या सराफ्यात, सक्करसाथेत, अचलपूरच्या पुऱ्यांमध्ये आजही असे बोळ आहेत की अनोळखी माणूस आत शिरला तर थेट कुणाच्या तरी अंगणात निघतो. बोळ मुद्दामच बंद केलेले असत. एका भाऊबंदकीची पाच-सात घरं, मध्ये सामाईक विहीर, तोंडाला एक दार; रात्री दार लावलं की सगळे निर्धास्त. खेड्यांत तेच काम गढी करत असे. पण हे बोळ लहान होते. वीस-पंचवीस पावलांत माणूस पेठेच्या रस्त्याला लागे, पेठ चौकाला आणि चौक वेशीला मिळे. घरापुरता बंद आणि गावापुरता मोकळा, असा तो बेत होता.

अंजनगाव आणि सुर्जी ही शहानूर नदीकाठची जोडगावं. सुर्जीत नाथ परंपरेतलं देवनाथ पीठ, भोवती बारी समाजाचे पानमळे आणि पानपिंपरीचे वाफे. पानाच्या धंद्याला रस्त्यांची निकड फार. कापूस घरात वर्षभर पडून राहिला तरी चालतो; विड्याचं पान खुडलं की वेळ धरूनच बाजार गाठायला हवा, आणि तोही एक बाजार पुरत नाही. आज अकोटचा, उद्या दर्यापूरचा, परवा अचलपूरचा. त्यामुळे मळ्यातून गावात आणि गावातून चहूकडे जाणाऱ्या पांदणी इथे पावसाळ्यातसुद्धा चालत्या ठेवाव्या लागत. काळ्या मातीत पावसाळी पांदण चालती ठेवणं म्हणजे काय, हे ज्याची बैलबंडी चिखलात रुतली आहे त्यालाच विचारावं.

१८५३ च्या करारानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. मग १८६० च्या दशकात जमिनीची मोजणी सुरू झाली, आणि माझ्या मते वऱ्हाडातल्या आजच्या नगररचनेचा खरा नकाशा त्याच दशकात काढला गेला. मोजणीची पद्धत मुंबई इलाख्यातून आणलेली. हातात ३३ फुटांची साखळी. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताचा एक सर्व्हे नंबर केवढा धरायचा याचाही ठोकताळा होता: एका बैलजोडीने वाहता येईल तेवढा. मुंबईच्या नियमांत कोरडवाहू जमीन भारी असेल तर बारा एकरांच्या आसपास, हलकी असेल तर वीस. कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, दोन नंबरांच्या मध्ये धुरा सुटला आणि त्या धुऱ्याला सरकारी कागदाचा आधार मिळाला.

त्या मोजणीदारांना शहराशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना सारा ठरवायचा होता. पण सर्व्हे नंबर ही चीज मोठी चिवट निघाली. बैल गेले, ट्रॅक्टर आले, वाटण्या होऊन नंबरांचे पोटहिस्से पडले, मालक बदलले. धुरा जिथल्या तिथे राहिला. शंभर वर्षांनी त्या शेतांत घरं उभी राहायला लागली तेव्हा नव्या वस्तीची लांबी-रुंदी आणि रस्ता कुठे संपणार हे त्या बैलजोडीच्या मापाने आधीच ठरून गेलेलं होतं.

मध्ये रेल्वे आली. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले, पण ते बडनेऱ्यावरून. अमरावतीच्या व्यापाऱ्यांना १८७१ मध्ये बडनेऱ्याहून सहा मैलांचा फाटा मिळाला. खामगावला त्याच्या वर्षभर आधी जलंबचा फाटा. याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत, सुमारे पाचशे मैल जात असे. आता गठाणी स्टेशनवर जाऊ लागल्या आणि गावांनी तोंडं फिरवली. अकोल्यात मोर्णेच्या पश्चिमेला असदगड आणि जुनं शहर. साहेबांची कचेरी, बंगले आणि नवा बाजार पूर्वेला. अमरावतीत परकोटाबाहेर कॅम्प. अचलपूरच्या शेजारी परतवाड्याची छावणी, तिचे रस्ते सरळ, कवायतीला शोभतील असे. या वस्त्यांमधले रस्ते एकमेकांना नीट मिळत होते, हे मान्य करायला हवं. फक्त तिथे माणसंच विरळ होती. एका बंगल्याच्या आवारात जुन्या शहरातली आळी सहज मावली असती.

स्टेशनांच्या भोवती जिन आणि प्रेसची भली मोठी आवारं उठली. उंच भिंती, एक फाटक, आत कापसाच्या गंज्या. आगीची भीती असल्याने भिंत फोडून मध्येच रस्ता काढायचा प्रश्नच नव्हता. कापसाच्या बाजाराला मात्र शिस्त लागली. कारंज्याचा बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा स्वतंत्र कापूस व धान्य बाजार कायदा झाला. खरेदी-विक्रीला कायदा झाला, वजनमापाला झाला. त्या बाजाराकडे जाणाऱ्या गावातल्या रस्त्यांना कुणी वाली नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी रुळांची गाडी अंजनगावात पोचली. हीच पुढे शकुंतला म्हणून लाडकी झाली. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. आता गाडी बंद आहे आणि तिच्या आठवणी मात्र जोरात चालू आहेत. तिच्यावर खूप लिहून झालं आहे, म्हणून इथे थांबतो.

रस्त्यांचं जाळं मोजायची एक सोपी रीत अभ्यासकांनी काढली आहे. गावातला प्रत्येक रस्ता जिथे दुसऱ्याला मिळतो तिथे किती तोंडं आहेत ते मोजायचं. चौकाला चार, तिठ्याला तीन, बंद टोकाला एक. सगळ्यांची सरासरी काढली की गाव किती गुंफलेलं आहे ते कळतं. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघांनी २०१५ मध्ये या रीतीने अमेरिकेच्या शंभर वर्षांतल्या रस्त्यांचा हिशेब मांडला, आणि २०२० मध्ये तोच प्रयोग जगभरच्या शहरांवर केला. अमेरिकेत जुनी शहरं चौकटीची, चौकाचौकांची. १९३० च्या दशकात घरकर्जाला हमी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने बंद टोकाच्या गल्ल्यांची शिफारस केली. मोटारी वाढल्या, उपनगरं पसरली आणि चौक घटत गेले. १९९० च्या दशकाच्या मध्याला ही घसरण तळाला गेली आणि मग तिथे पुन्हा थोडे चौक दिसू लागले. जगभरचं चित्र मात्र उलट निघालं: १९७५ नंतर नव्याने पडणारे रस्ते एकंदरीत कमी-कमी जुळत गेले.

अमेरिकेत रस्ते तुटले ते ठरवून, मोटारवाल्यांच्या सोयीसाठी. आपल्याकडे तसं कुणी काही ठरवलं नाही. इथे नुसता धुरा आडवा आला.

ते कसं घडलं ते पाहण्यासारखं आहे. १९०१ मध्ये अंजनगावची वस्ती नऊ हजारांच्या आतबाहेर होती. २०११ मध्ये ती ५६ हजारांच्या घरात गेली. दर्यापूर तालुक्यातलं एक मोठं गाव स्वतः तालुक्याचं ठिकाण झालं. शिक्षक, बँकवाले, तहसिलातले कारकून, भोवतालच्या खेड्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबं, सगळ्यांना प्लॉट हवा होता. अकोट, परतवाडा आणि दर्यापूर या तीन रस्त्यांच्या कडेची शेतं आधी उठली, कारण तिथे डांबर आधीच होतं. वऱ्हाडात अशा प्रत्येक गावाची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

चार-पाच एकरांचा एक पोटहिस्सा. मालक किंवा त्याच्याकडून सौदा केलेला लेआऊटवाला ते शेत अकृषक करून घेतो. मोठ्या रस्त्यापासून आत एक सरळ रस्ता, त्याला दोन्ही बाजूंनी आडव्या गल्ल्या. नकाशा फणीसारखा दिसतो. आडव्या गल्ल्या धुऱ्यापाशी थांबतात, कारण पलीकडे शेजाऱ्याची तूर उभी असते. दहा वर्षांनी शेजाऱ्याचंही शेत पडतं. आता दोन्हीकडच्या गल्ल्या एकमेकींना मिळायला हव्यात. पण पहिल्याच्या गल्ल्या इथे आणि दुसऱ्याच्या दहा मीटर सरकून. कधी दोघांच्या मध्ये भिंत उठलेली असते. कधी गल्लीच्या टोकाला एक जास्तीचा प्लॉट पाडून विकलेलाही असतो, कारण रस्ता धुऱ्यापर्यंत मोकळा ठेवला तर शेजारच्या शेताला फुकटात वाट मिळते आणि त्याच्या प्लॉटचा भाव चढतो. आपल्या पदरच्या जमिनीने दुसऱ्याचा फायदा का करावा? हा प्रश्न लेआऊटवाल्याच्या जागी बसून विचारला तर त्याला दोष देता येत नाही.

नियमही याच बाजूला ढकलतात. आतला रस्ता जितका लांब तितका तो रुंद सोडावा लागतो; तेव्हा रस्ते आखूड ठेवणं फायद्याचं. लेआऊट ०.४ हेक्टरच्या वर गेला की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तेव्हा तुकडे लहान पाडणं फायद्याचं. दोन्ही नियमांचा हेतू चांगला. दोन्ही मिळून वस्तीचे आणखी तुकडे करतात.

भोगतं कोण? मोटारीवाल्याला दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच. खरा फेरा पडतो तो पायी शाळेत जाणाऱ्या मुलाला, दुधाची कॅन घेऊन सायकलवर फिरणाऱ्याला, बाजारातून पिशवी घेऊन परतणाऱ्या म्हातारीला. शंभर पावलांवरच्या घरी जायचं तर अकोट किंवा परतवाडा रस्त्यावर येऊन ट्रकांच्या मधून वाट काढावी लागते. गावातला प्रत्येक लहानसहान फेरा त्याच दोन-तीन डांबरी रस्त्यांवर येऊन पडतो, आणि मग आपण म्हणतो की रस्ता अरुंद आहे, रुंद करा. पाण्याच्या नळाचंही तसंच. जलवाहिनी रस्त्याखालून जाते. रस्ता बंद तर वाहिनीही बंद टोकाची. पाणी फिरत नाही, टोकाला दाब राहत नाही, शेवटच्या घरी धार करंगळीएवढी. टाकीत पाणी कमी आहे म्हणून नगर परिषदेला बोल लावले जातात. अर्धा दोष नकाशाचा असतो.

दुसरीकडे हे वेगळ्या रीतीने झालं. मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये नगररचनेचा कायदा आला. त्यात एक युक्ती होती: एका पट्ट्यातल्या सगळ्या शेतांच्या हद्दी तात्पुरत्या पुसायच्या, आधी रस्ते आखायचे, मग प्रत्येकाला त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात थोडी कमी पण चौकोनी, रस्त्याला लागून जमीन परत द्यायची. अहमदाबादने ही रीत अजून सोडलेली नाही आणि तिथल्या नव्या वस्त्यांचे रस्ते शेताच्या हद्दीला अडून राहत नाहीत, ते त्यामुळेच. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. तो कायदा इथे लागू नव्हता. नागपूरला १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास मिळाला, वऱ्हाडातल्या गावांच्या वाट्याला तेही आलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ती युक्ती आहे, पण महाराष्ट्राने ती फार थोड्या ठिकाणी वापरली. आपण धरली ती विकास योजना: नकाशावर रंगीत रेघा, ज्यांना लोक डीपी रोड म्हणतात.

डीपी रोडची गंमत अशी, की तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी वावरातून जातो आणि त्याचा मोबदला द्यायला नगर परिषदेकडे पैसे नसतात. मुंबई-पुण्यात मोबदल्यापोटी वाढीव चटईक्षेत्र देता येतं, ते बाजारात विकलंही जातं. तालुक्याच्या गावी तीन मजलेच कुणी बांधत नाही तिथे ते चटईक्षेत्र विकत कोण घेणार? त्यात कलम १२७: दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवू शकतो. रेघ नकाशावर राहते किंवा तिथूनही पुसली जाते.

आणि जी वस्ती नकाशाशिवायच उभी राहिली तिच्यासाठी गुंठेवारी. २००१ च्या कायद्याने अशा वस्त्या दंड आणि विकास शुल्क भरून नियमित करायची सोय केली. २०२१ मध्ये ती सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना वाढवली. आयुष्यभराची कमाई घालून घर बांधलेल्या माणसाला कागद मिळाला, हे योग्यच झालं. पण नियमित होतो तो प्लॉट. दोन गुंठेवाऱ्यांच्या मध्ये जी वाट सुटलेली नाही ती शुल्क भरून सुटत नाही. अकोला महापालिकेची हद्द २०१६ मध्ये वाढली आणि भोवतालची २४ गावं शहरात आली. म्हणजे ग्रामपंचायतींच्या काळात पडलेले लेआऊट, त्यांची सगळी बंद टोकं धरून, महापालिकेच्या पदरात पडले. ती आता जोडायची तर कुणाचं तरी बांधलेलं घर पाडावं लागेल. घर पन्नास वर्षांनी नवं होतं, दुकानाचा बोर्ड दर दिवाळीला बदलतो; रस्त्याची जागा एकदा गेली की ती परत येत नाही.

कायद्याच्या पुस्तकात एक कलम मात्र धुऱ्याबद्दल नीट बोलतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. आपल्या वावरात जायला वाट नसेल तर शेतकरी तहसीलदाराकडे अर्ज करून दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जायचा हक्क मागू शकतो, आणि तहसीलदार गरज पाहून तो देतो. वऱ्हाडातल्या तहसिलांमध्ये असे अर्ज सतत चालू असतात. भावाभावांची भांडणं त्यावरच पेटतात. म्हणजे धुरा हा अडसर असला तरी त्यावरून वाट काढायची सोय आहे, पण ती शेतासाठी. तेच शेत अकृषक झालं, धुऱ्यावर भिंत चढली, की पलीकडच्या माणसाला असा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे सांगणारं कुणी नाही.

मे २०२५ मध्ये शासनाने निर्णय काढला: शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी. हेतू ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरचा आहे. पण अंजनगावच्या, अकोटच्या, दर्यापूरच्या हद्दीला लागून ज्या पांदणींची अशी नोंद होईल, त्यांच्या दोन्ही अंगांना पुढच्या वीस वर्षांत प्लॉट पडणार आहेत. नोंद झालेली पांदण एका धुऱ्यापाशी थांबत नाही, ती शिवेपर्यंत जाते. लेआऊटचा नकाशा मंजूर करताना तिला हात न लावता आरपार रस्ता म्हणून धरलं, तर अहमदाबादची सगळी खटपट न करताही निदान एक रस्ता जुळतो. सध्या पांदणीची नोंद तहसिलात होते आणि लेआऊटचा नकाशा नगररचनेच्या टेबलावर जातो.